दौऱ्यावर असताना रियाजाचे काय करावे?

सातारी ठेकेदार

सर्वांना नमस्कार. मी तबल्याची संगत करतो आणि माझे घर पूर्णपणे त्यावरच चालते. संगतीचे काम म्हणजे प्रवासाचे काम, हे येथे कोणाला वेगळे सांगायला नको. आषाढीच्या आधी अभंगांचे कार्यक्रम, पाठोपाठ गुरुपौर्णिमा, मग गणेशोत्सव, नवरात्र, दिवाळी पहाट, आणि डिसेंबर ते फेब्रुवारी शास्त्रीय संगीताचे महोत्सव, असे वर्षाचे वेळापत्रक आता ठरूनच गेले आहे. कामाची ददात नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही.

अडचण अशी आहे की जवळजवळ रोज वाजवूनही हात मागे पडत चालला आहे. ख्यालाच्या संगतीत विलंबित एकतालाचा ठेका धरून बसायचे असते, बारा मात्रांच्या आवर्तनात प्रत्येक मात्रेचे चार भाग मनात मोजत लय हलू द्यायची नसते, आणि गायकाने जागा दिली तरच मुखड्यापुरता हात मोकळा करायचा असतो. अभंगाच्या कार्यक्रमात भजनी ठेका, केरवा आणि शेवटच्या गजरात लग्गी. या सगळ्याला कौशल्य लागते हे मी जाणतो, पण त्यात हाताचा एक लहानसा भागच राबतो. पेशकार, कायद्याचा (ठरलेल्या बोलरचनेचा) सलग विस्तार, रेल्यातला धिरधिरचा वेग, डग्ग्यावरची मींड हे स्वतंत्र वादनातले सारे हंगामात अनेक आठवडे पिशवीतून बाहेरच येत नाही. अलीकडे एका स्नेह्यांनी स्वतंत्र वादनासाठी विचारले. तारीख मोकळी होती, तरीही होकार कळवायला मला बरेच दिवस लागले, आणि त्याचे कारण मला नीट ठाऊक होते.

दिवसाची रचनाही अशी असते की वेळ असतो, पण हाती लागत नाही. दुपारी तीनला सभागृहात पोहोचायचे, ध्वनिव्यवस्थेची तपासणी पाचपर्यंत लांबते, साडेसहाला कार्यक्रम, दहाच्या आत तो संपवायचा, आयोजकांकडे जेवण, आणि मध्यरात्री पुढच्या गावाची गाडी. लॉजवर तबला काढला की पाच मिनिटांत खालून फोन येतो. म्हणून अनुभवी मंडळींना विचारतो: दौऱ्यावर आपण रियाज करता का, कसा करता, आणि तो होत नसेल तर निदान काय टिकवून ठेवता? गायकांनी आणि इतर वादकांनीही लिहावे.

पेटीवाले काका

तुमचा प्रश्न मी तीनदा वाचला, कारण तुमच्या वयाचा असताना मी तो कोणाला विचारू शकलो नव्हतो. आमच्या काळी संगतकाराने असे काही बोलून दाखवले, तर त्याला काम कमी हवे आहे असा अर्थ काढला जाई.

पहिली गोष्ट म्हणजे कार्यक्रमाला रियाज समजू नये. हे तुम्हाला कळले आहे, पण पुष्कळांना निवृत्तीपर्यंत कळत नाही. कार्यक्रमात आपण जे येते तेच करतो, आणि ते करायलाच हवे, कारण समोर श्रोता बसलेला असतो आणि शेजारी गायक. रियाजात जे येत नाही ते करायचे असते. दोन्हीची जागा एकच असू शकत नाही. पेटीवर मी वर्षानुवर्षे गायकाच्या मागून त्याचीच तान उचलत आलो आहे. त्यामुळे माझे कान तयार झाले, ओळख मिळाली, पण माझी स्वतःची तान कोणती, असे कोणी विचारले असते तर मला विचार करावा लागला असता.

दुसरी गोष्ट थोडी इतिहासाची आहे. पूर्वीचे लोक आमच्यापेक्षा जास्त फिरत होते आणि तरीही तयार होते, असे सांगून हल्ली तरुणांना खजील केले जाते. त्यात एक फरक नेहमी विसरला जातो. गंधर्व नाटक मंडळी १९१३ साली निघाली. अहमदजान थिरकवाँसारखा तबलानवाज आणि कादरबक्षांसारखा सारंगिया तिच्याकडे होता. ही मंडळी आगगाडीने गावोगाव जात, सोबत पडदे, पेट्या, कपडेपट आणि स्वयंपाकाचे सगळे बिऱ्हाड असे. पण एका गावी पोहोचली की तेथे त्यांचा मुक्काम पडत असे, कधी काही आठवडे, कधी त्याहून अधिक. नाटक रोज नसे. मधल्या दिवशी सकाळी तालमी, दुपारी ज्याचा त्याचा रियाज, आणि गावात कोणी जाणकार असेल तर त्याच्याकडे बैठक. म्हणजे ते प्रवासी होते खरे, पण प्रवासात त्यांना घर होते. आपल्याला आज सकाळी कोल्हापूर आणि रात्री नाशिक करता येते. रस्ते आणि गाड्या सुधारल्या, आणि त्या सुधारणेने मधले दिवस खाऊन टाकले. थिरकवाँसाहेबांना रोज रात्री गाव बदलावे लागले असते तर काय झाले असते, हे सांगणे अवघड आहे. त्यामुळे त्यांच्या नावाने स्वतःला टोचून घेऊ नका.

रात्रीच्या वेळेचाही परिणाम झाला आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी उघड्यावरील ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करावे लागतात, आणि वर्षातले मोजके दिवस सरकार बारापर्यंत सूट देते. शेजाऱ्यांच्या झोपेच्या दृष्टीने नियम योग्यच आहे. परंतु पूर्वी रात्रभर चालणाऱ्या मैफलीत तरुण तबलजी पहाटेपर्यंत विंगेत बसून चार ज्येष्ठांना ऐकत असे. तेही शिक्षणच होते. आता दहाला पडदा आणि साडेअकराला गाडी.

आता उपाय. तबला काढता येत नसेल तर पढंत करा, म्हणजे बोल तोंडाने म्हणा. गाडीत, ओठांतल्या ओठांत, मांडीवर बोटांनी टाळी-खाली धरून, एकच कायदा आणि त्याचे पलटे (बोल फिरवून केलेल्या रचना), बोल स्पष्ट, लय हलू न देता. हात मोकळा राहिला तरी डोक्यातला विस्तार थांबत नाही, आणि एकलवादनात अडकायला होते ते बहुतेक वेळा डोक्यात, हातात नव्हे. हाताच्या ताकदीसाठी रबरी पॅड मिळतो, त्याचा आवाज लॉजवाल्याला ऐकू जात नाही. त्यावर नाद कळत नाही, म्हणून बोटांच्या वजनापुरताच त्याचा उपयोग करावा. आणि दौऱ्यावर सगळे करायचा हट्ट सोडा. एका दौऱ्याला एकच कायदा पिशवीत ठेवा.

मिरजेचा जवारीवाला

मी वाजवणारा नाही, दुरुस्ती करणारा आहे, त्यामुळे माझे बोलणे वाद्याच्या बाजूने असेल. मिरजेत आमच्या घरात तानपुरे आणि सतारी बनतात आणि जुनी वाद्ये सुधारतात. गावातल्या सतार-तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामुळे चौकशी वाढली आहे. दुरुस्तीला येणारी बरीचशी वाद्ये मात्र प्रवासात दुखावलेली असतात, आणि त्यांना ते मानांकन आधी होते काय आणि नंतर मिळाले काय, सारखेच.

ठेकेदारांनी लिहिले आहे की वेळ असतो पण हाती लागत नाही. त्यातला किती वेळ वाद्य जुळवण्यात जातो, याचा हिशेब त्यांनी केला आहे का? कोकणात श्रावणात कार्यक्रम असेल तर पुडी (तबल्यावरचे कातडे) ओल धरते, सैल पडते आणि स्वर खाली येतो. दुसऱ्या दिवशी सोलापूरच्या कोरड्या हवेत तीच पुडी ताणली जाते आणि स्वर चढतो. वातानुकूलित सभागृहातली हवा कोरडी, त्यात दिव्यांची उष्णता, म्हणजे मेकअपच्या खोलीत जुळवलेला तबला रंगमंचावर अर्ध्या तासात पुन्हा चढलेला असतो. मग गट्टे खाली-वर, गजऱ्यावर हातोडी, आणि गायक आलाप थांबवून तुमच्याकडे पाहतो. एकाच तबल्याला पेटीच्या एका पट्टीपासून दुसरीपर्यंत आणि परत असे रोज ओढले तर पुडीचे आयुष्य घटते. ज्यांना पुरुष आणि स्त्री दोन्ही गायकांची संगत करावी लागते, त्यांनी काळी चार-पाचसाठी मोठ्या तोंडाचा आणि काळी एकसाठी लहान तोंडाचा असे वेगळे तबले ठेवावेत, आणि ते त्या त्या स्वराच्या आसपासच राहू द्यावेत. ओझे वाढते हे मान्य. पण जुळवण्यातली जी पाऊण घटका वाचते, ती तुमच्या कायद्याची आहे.

तंतुवाद्यांचे दुखणे वेगळे. विमानात देण्यापूर्वी तारा उतरवल्या नाहीत तर थंडीने आणि धक्क्याने भोपळ्यावर आणि घोडीवर (तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर) ताण येतो. हे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला पिकतात, आणि तशाच जाडीचा, तशाच घेराचा भोपळा फुटल्यानंतर परत मिळेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. जुन्या तानपुऱ्यावर हस्तिदंती घोडी असेल तर तो परदेशी नेऊच नये. जकातीवर वाद्य जप्त झाले तर पूर्वजांची पुण्याई उपयोगी पडत नाही. तबलेवाल्यांनाही हा त्रास मध्यंतरी झाला. तबल्याचे खोड बहुधा शिसवाचे असते, आणि शिसवाच्या साऱ्या जाती २०१७ च्या जानेवारीपासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रणाखाली आल्या. तयार वाद्यांना त्यातून २०१९ च्या शेवटी सूट मिळाली. मधल्या काळात विक्रीसाठी बाहेर जाणाऱ्या वाद्यांची कागदपत्रे करता करता आमच्या बाजारातल्या लोकांच्या नाकी नऊ आले होते.

रियाजाबद्दल बोलायचा मला अधिकार नाही, पण आमच्या गावातली एक हकीकत सांगतो. किराणा घराण्याचे गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँ आयुष्यभर फिरले. १९३७ साली मद्रासहून पुदुच्चेरीला जात असताना गाडीत त्यांना बरे वाटेनासे झाले आणि ते सिंगपेरुमाळकोइल नावाच्या लहानशा स्थानकावर उतरले. तेथे फलाटावर अंथरूण पसरून त्यांनी तानपुरा जुळवायला लावला, दरबारी गायली आणि तेथेच प्राण सोडला, असे सांगतात. त्यांना मिरजेत आणले गेले. मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांच्या नावाने संगीतसभा होते, आणि मोठमोठे कलावंत तेथे हजेरी लावायला येतात. लोक ही गोष्ट भक्तिभावाने सांगतात. मला मात्र ती ऐकताना नेहमी वाटते की त्या फलाटावर तानपुरा होता, तारा शाबूत होत्या आणि तो जुळत होता. त्या काळच्या आगगाडीतून, त्या गर्दीतून, तो तसा कोणी तरी सांभाळून आणला होता. त्या शिष्याचे नाव सहसा कोणी घेत नाही.

न्यू जर्सीहून

मी येथे नोकरी करते, गाणे शिकते, आणि उन्हाळ्यात भारतातून येणाऱ्या कलाकारांचा मुक्काम आमच्या घरी असतो. तिकडच्या मंडळींची अशी समजूत असते की अमेरिकेचा दौरा म्हणजे धावपळच. प्रत्यक्षात येथे कार्यक्रम शुक्रवार, शनिवार आणि रविवार एवढेच होतात, कारण इतर दिवशी श्रोते कामावर असतात. सोमवार ते गुरुवार पाहुणे कोणाच्या तरी तळघरातल्या खोलीत असतात, घरातले सगळे बाहेर, चालायला जावे तर दुकानही दोन मैलांवर. काकांनी नाटक मंडळींच्या मधल्या दिवसांबद्दल लिहिले आहे. ते दिवस येथे आहेत.

आणि तरीही त्या दिवसांत रियाज होत नाही, हे मी दरवर्षी पाहते. पहिल्या आठवड्यात झोपेचे घड्याळ उलटे असते. त्यानंतर यजमान हौसेने धबधबा दाखवायला नेतात, मंडळातले कोणी जेवायला बोलावते, आणि पाहुण्याला नाही म्हणणे जड जाते. ज्या घरात राहतो तेथे सकाळी सहाला तबला वाजवावा की नाही, हे विचारण्याचा संकोच तर सर्वांत मोठा. एका तबलावादकाने मात्र पहिल्याच दिवशी जेवताना विचारले होते, "वहिनी, सकाळी तुम्ही सगळे बाहेर पडलात की मी नऊ ते बारा वाजवणार, चालेल ना? आणि दुपारी मला कुठे न्यायचे नाही." त्या महिन्यात आमच्या शेजारच्या गुजराती आजी दाराबाहेर खुर्ची टाकून बसायच्या. यजमान म्हणून मी सांगते की असे स्पष्ट विचारलेले आम्हाला आवडते. आम्ही ज्या गोष्टींनी तुमचा वेळ खातो, त्यांतल्या निम्म्या गोष्टी तुम्ही कंटाळाल या भीतीने ठरवलेल्या असतात.

हिवाळ्यात येणाऱ्यांसाठी एक सूचना. घरातल्या उष्णतायंत्रामुळे हवा इतकी कोरडी होते की पुडी तडकते. खोलीत हवा दमट ठेवणारे यंत्र मागून घ्या. बहुतेक घरांत लहान मुलांच्या खोलीत ते असते.

फडावरचा ढोलकीवाला

वरचे सगळे वाचले. चांगले लिहिले आहे, पण लॉज, सभागृह आणि विमान यांच्या पलीकडेही दौरा असतो, म्हणून लिहितो. मी तंबूच्या तमाशात ढोलकी वाजवतो. आमचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि बुद्धपौर्णिमेच्या सुमारास संपतो. त्या काळात आम्हाला लॉज माहीत नाही. ट्रकमध्ये तंबू, रंगमंचाचे सामान, जनित्र, बायकामाणसे, लेकरे आणि वाद्ये, असा शंभरावर माणसांचाही फड असतो, आणि सकाळी एका गावात उतरून रात्री खेळ करून पहाटे पुढच्या गावाला निघतो. यात्रेच्या दिवसांत तर दुपारचा एक आणि रात्रीचा एक, असे दोन गावांत दोन खेळ होतात. हंगामाआधी मालकाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत माणूस हलत नाही. २०२० साली यात्रा बंद झाल्या तेव्हा सलग दोन हंगाम गेले, आणि उचल घेतलेली ढोलकीची बोटे दुसऱ्याच्या रानात कांदे काढत होती.

आता रियाजाचे. आमच्याकडे हा शब्द कोणी फारसा वापरत नाही, पण काम होते. सकाळी नऊ-दहाला तंबूच्या मेखा ठोकून झाल्या की स्वयंपाक होईपर्यंत आणि जेवणानंतर ऊन उतरेपर्यंत कनातीच्या सावलीत जुने वाजवणारे आडवे पडलेले असतात. पोरे त्यांच्या शेजारी ढोलकी घेऊन बसतात. म्हातारा डोळे मिटूनच असतो. पोराची थाप चुकली की तो डोळे न उघडता "परत" म्हणतो. मी असाच शिकलो. कोणी वही काढली नाही, कोणी वेळ ठरवली नाही, आणि शिकवणाऱ्याला त्याचे पैसे मिळाले नाहीत. गणाला ढोलकी कशी उघडायची, गौळणीत मावशी बोलत असताना हात कसा दाबून ठेवायचा, लावणीत नाचणारीच्या पायाकडे बघायचे की डोळ्यांकडे, वगात रडण्याच्या प्रसंगी वाजवायचेच नाही हे कधी, हे सगळे त्या सावलीत कळले. रात्री तेच लगेच वापरायला मिळते, आणि चुकले तर पब्लिक तोंडावर सांगते.

तेव्हा काका म्हणतात की कार्यक्रम आणि रियाज यांची जागा एक असू शकत नाही, ते मला पूर्ण पटत नाही. बैठकीच्या गाण्यात तसे असेल. आमच्या इथे दुपारी ऐकलेले रात्री वाजवले नाही तर ते आमचे होतच नाही. साताऱ्याच्या भाऊंची खरी अडचण मला वेगळी वाटते. ते एकटे फिरतात. गायक विमानाने येतो, पेटीवाले त्यांच्या गावाहून, हे बसने, आणि सगळे तीन वाजता सभागृहात भेटतात. कार्यक्रम झाला की तिन्ही दिशांना. ज्याच्याकडून शिकावे तो माणूस दुपारी शेजारी आडवा पडलेला नसतो. पॅड आणून बोटे पक्की होतील, पण "परत" म्हणणारा कुठून आणणार?

हवेबद्दल मिरजेच्या भाऊंनी बरोबर लिहिले आहे. आमच्याकडे हलगी शेकोटीवर शेकून ताणतात. ढोलकीला ते चालत नाही. माघातल्या दवात ढोलकीची पुडी पार बसते, म्हणून रात्री ती गोधडीत गुंडाळून ठेवतो. गोधडी एकच असते. अंगावर काय घ्यायचे हा प्रश्न त्या वेळी पडत नाही, कारण उद्या वाजायचे तिला असते.

पेटीवाले काका

ढोलकीवाल्या भाऊंचे म्हणणे मी मान्य करतो, आणि माझे वाक्य बैठकीच्या संगीतापुरते समजावे. त्यांनी दाखवलेली गोष्ट मी पाहिलीच नव्हती. आमच्या क्षेत्रात कलाकारांना एकत्र प्रवास करायला लावण्यात आयोजकांचा खर्च वाचत असे, त्यामुळे पूर्वी गायक, तबलजी, पेटीवाला आणि तानपुऱ्यावरची दोन मुले एकाच गाडीतून जात. त्या गाडीत मी जितक्या बंदिशी ऐकल्या, तितक्या रंगमंचावर ऐकल्या नसतील. आता प्रत्येकाचे तिकीट वेगळे येते, तेही मोबाइलवर. मुख्य कलाकाराच्या आणि संगतकाराच्या तिकिटात जो फरक असतो, त्याबद्दल स्वतंत्र चर्चा व्हावी. येथे विषयांतर नको.

माझ्याकडून एक भर घालतो. ठेकेदार, तुम्ही ज्या गायकांबरोबर वारंवार जाता, त्यांना महिन्यातून एकदा तरी एकाच गाडीने जाण्याची विनंती करून पाहा. वाटेत नवे काही शिकायला मिळाले नाही तरी कालच्या कार्यक्रमातल्या समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) ते का थांबले आणि तुम्ही का घाई केली, एवढे बोलणे झाले तरी पुष्कळ.

एका गायकाच्या घरून

मी वादक नाही. माझे यजमान गातात आणि फिरतात. वरच्या चर्चेत एक दिवस सुटला आहे, तो म्हणजे दौऱ्याहून परत आल्यानंतरचा. सगळे असे धरून चालतात की प्रवासात बुडालेला रियाज घरी आल्यावर भरून निघेल. परत येतात त्या सकाळी घरात महिनाभराची कामे साठलेली असतात, शिष्य दारात उभे असतात, सासूबाईंची डॉक्टरांची वेळ त्यांच्या सवडीसाठी पुढे ढकललेली असते, आणि मुलाला बाबांबरोबर नुसते बसायचे असते. चौथ्या दिवशी पुन्हा बॅग. आमच्याकडे शेवटी असे ठरले की परतल्यावरचे पहिले दोन दिवस घराचे, तिसरा सबंध दिवस रियाजाचा, आणि त्या दिवशी शिकवणी, फोन, पाहुणा काही नाही. शिष्यांची फी थोडी बुडते. ती बुडू द्यायची, हे आम्ही दोघांनी मिळून ठरवले आहे. ज्यांचे लग्न व्हायचे आहे त्यांनी ही बोलणी आधीच करून घ्यावीत.

सातारी ठेकेदार

सर्वांचे मनापासून आभार. इतक्या तपशिलाने कोणी लिहील असे वाटले नव्हते. स्वतंत्र वादनासाठी मी होकार कळवला आहे. त्यासाठी तीनतालात एकच कायदा घेऊन पढंत सुरू केली आहे, आणि शेजारच्या आसनावरचे प्रवासी मला मनातल्या मनात स्तोत्र म्हणणारा समजतात, तेही बरे आहे. दोन तबल्यांचा सल्ला पटला; फक्त एस.टी.च्या वाहकाला ती दुसरी पिशवी पटवणे बाकी आहे.

काका, एकाच गाडीने जाण्याबद्दल मी एका गायिकेला विचारले. त्यांनी लगेच हो म्हटले, आणि वर विचारले की हे आधी का सुचवले नाही. पुढच्या महिन्यात सोलापूरला आम्ही तिघे एकत्र जाणार आहोत.

ढोलकीवाले दादा, तुमचे लिहिणे मला सर्वांत जास्त लागले. पण एका गोष्टीवर माझे मत अजून ठरत नाही. तुमच्या सावलीतले शिक्षण रात्रीच्या खेळासाठीच असते, आणि रात्रीच्या खेळात जे लागत नाही ते तेथे शिकवले जात असेल का? माझी भूक नेमकी त्याचीच आहे, जे कोणत्याही कार्यक्रमात लागणार नाही. हे प्रत्यक्ष पाहावे असे वाटते. एखाद्या दुपारी येऊन नुसते बसले तर चालेल का?

फडावरचा ढोलकीवाला

शिकवले जाते. आमच्यातला एक म्हातारा दुपारी जे वाजवायचा ते मी आयुष्यात एकदाही रंगमंचावर ऐकले नाही. विचारले तर म्हणायचा, पब्लिकला कशाला त्रास.

अवश्य या. पाडव्याच्या सुमारास नारायणगावात सगळ्या फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावची पंचमंडळी सुपारी द्यायला, म्हणजे खेळ ठरवायला, तेथेच येतात. कोणत्याही राहुटीत विचारलेत तर आमचा फड त्या आठवड्यात कुठे आहे ते सांगतील. दुपारी बारानंतर या, त्याआधी आम्ही तंबू बांधत असतो आणि रिकाम्या हाताने उभ्या असलेल्या माणसाच्या हातात कोणीही दोर देतो. तबला आणू नका, डग्गा तेवढा आणा. बाकी जेवणाची सोय होईल, तिखट चालत असेल तर.